लाईट गेली तेव्हाचं रेकॉर्डिंग

अवी, आधी माझा गाढवपणा सांगून टाकतो. तू असतास तर तो कुणीतरी तुझ्या कानावर घातलाच असता आणि तू महिनाभर मला पुरवून पुरवून हसला असतास.

तुझ्या दहाव्याच्या फ्लेक्ससाठी फोटो हवा होता. घरात रडणारी माणसं भरपूर, फोटो शोधणारं कुणी नाही, म्हणून ते काम थोरल्या जावयाकडे, म्हणजे माझ्याकडे आलं. आत्याचा नवरा म्हणून मला मामा म्हणणारी तुझी लेक म्हणाली, मामा, पप्पांचे फोटो पेन ड्राइव्हमध्ये असतात, टेबलाच्या खणात बघा. मी खण उघडला. काळी, चपटी, अंगठ्याएवढी एक वस्तू मिळाली. ती खिशात घालून मी फ्लेक्सच्या दुकानात गेलो आणि मोठ्या रुबाबात काउंटरवर ठेवली. दुकानदाराने ती कॉम्प्युटरला लावली, काढली, फुंकर मारून परत लावली. मग उलटी करून तिचं पितळी तोंड मला दाखवलं. "काका, ह्यात फोटो बसायला जागाच न्हाई. ही कसली तरी टीव्हीची चिप दिसायलीय."

तो तुझा पहिला रेडिओ होता. इतकी वर्षं तू मला गच्चीवर शेजारी बसवून शिकवलंस, त्याची ही गुरुदक्षिणा. हाच तुकडा तू एकदा माझ्या तळहातावर ठेवला होतास आणि म्हणाला होतास, दाजी, ह्याला रेडिओ म्हणायचं. पेटी न्हाई, काटा न्हाई, फिरवायचं बटण न्हाई. हा फक्त हवेतलं गोळा करतो, बाकीचं काम लॅपटॉप करतो. चपलांच्या जोडाएवढ्या किमतीत आख्खं जग. मी तेव्हा मान डोलावली होती. माझ्या मान डोलावण्यावर तू कधीच विश्वास ठेवायला नको होतास.

फोटो शेवटी तुझ्या बायकोच्या, रेखाच्या मोबाइलमध्ये सापडला. तोही गच्चीवरचा, कानांवर हेडफोन घातलेला. दुसरा धड एकही नाही. लग्नाकार्यातल्या सगळ्या फोटोंत तू एक तर कुणाच्या तरी फेट्याआड आहेस, नाहीतर पाठमोरा. मी दुकानदाराला विचारलं, हेडफोन काढता येतील का? काढतो की, त्यात काय, म्हणाला, आणि काढले. पण हेडफोनखालचे कान फोटोत नव्हतेच. म्हणून त्याने त्याच्याजवळचे दुसऱ्या कुणाचे तरी कान तुला बसवले. फ्लेक्स चौकात लागला, येणारा-जाणारा हात जोडायला लागला. मला वाटलं, हे माझ्याशिवाय कुणाच्या लक्षात येणार नाही. घरी आल्यावर तुझी अक्का एवढंच म्हणाली, "कान कुणाचे लावलेत?"

त्यानंतर दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. तसंही ती कुणाशीच बोलत नव्हती. धाकटा भाऊ आधी गेला म्हणजे काय, हे मला तिच्या पाठीकडे बघून कळलं. ती ओट्याशी उभी राहायची आणि तिची पाठ बसायची.

तुझं घर अक्कलकोट रोडला, कारखान्यांना जवळजवळ खेटून. तू शाळेतला क्लार्क, मी एमआयडीसीतल्या टॉवेलच्या कारखान्यात स्टोअर सांभाळणारा. कामावरून सुटलो की घरी जायच्या वाटेवर तुझी गच्ची लागायची. खरं तर ती वाटेवर नव्हती, वळण घेऊन जावं लागायचं. हे तुला कधी सांगितलं नाही. तुला वाटायचं मी सहज टेकायला येतो.

गच्चीवर पाण्याच्या टाकीपासून पलीकडच्या बांबूपर्यंत तू तांब्याची तार ताणली होतीस. ती तुझी अँटेना. नवीन होती तेव्हा रेखाने तिच्यावर धुतलेल्या साड्या वाळत घातल्या. मला वाटलं आता भांडण होणार, म्हणून मी चहाचा कप हातात घट्ट धरून बसलो. तू लॅपटॉपवरून नजर न काढता म्हणालास, "ती हिरवी काढ फक्त. तिच्यामागं निम्मं कर्नाटक अडकलंय." रेखाने हिरवी तेवढी ठेवली आणि बाकीच्या काढल्या.

पडद्यावर रंग वरून खाली ओघळत असायचे. निळं निळं पाणी आणि त्यात जिथं स्टेशन असेल तिथं पिवळी उभी रेघ. रेघेवर टिचकी मारली की कुणीतरी बोलायला लागायचं. कन्नड आलं की तू मला मराठीत सांगायचास. कर्नाटकाच्या सीमेजवळच्या वळसंगमध्ये वाढल्यामुळे तुझं एक पाऊल पहिल्यापासून पलीकडेच होतं. अरबी आलं की दोघंही गंभीर चेहरा करून ऐकायचो, जसं काही आपल्यालाच उद्देशून चाललंय. पण त्या रेघांच्या मधे ठरावीक अंतरावर फिकट पट्टे असायचे. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा म्हटलं, ही तर आपल्या चादरीची डिझाईन आहे.

"तुमचीच हाय, दाजी," तू म्हणालास. "तुमच्या मोटारी चालू झाल्या की ही चादर पसरते. माझी निम्मी स्टेशनं तिच्याखाली गपगार झोपतात."

इथून आपलं भांडण सुरू झालं आणि ते काही मिटलं नाही. मी म्हणायचो, त्या मागांवर निम्म्या शहराच्या चुली पेटतात, आणि तुला कुठल्या तरी देशाच्या बातम्या ऐकायच्यात म्हणून मालकाने मोटार बंद करायची का? बंद करा म्हणत न्हाई, जरा बाजूला सरकून बसा म्हणतो, असं तुझं उत्तर. कारखाना कुठं सरकवू? मग मी सरकतो, म्हणून तू बांबू उपटून दुसऱ्या कोपऱ्यात लावायचास. हेडफोनमध्ये घरघर तेवढीच राहायची, बांबू मात्र गच्चीभर फिरून आला. तू सगळ्यांवर आळ घ्यायचास. मागांच्या मोटारी, रस्त्यावरचे दिवे, शेजाऱ्यांचे मोबाइलचे चार्जर. माझ्या स्कूटरवरसुद्धा एकदा तुझा संशय होता. एकदा वळसंगच्या शेतावर रेडिओ घेऊन जाऊ, तिथं विजेचा खांबसुद्धा लांब आहे, मग दाखवतो तुम्हाला, असं तू म्हणत राहिलास. कधी तुला सुट्टी नसायची, कधी मला. ते राहिलं.

पण तुझी एक चैन होती आणि ती फक्त तुझ्याच नशिबात होती. लाईट गेली की आख्खं सोलापूर वैतागतं. तू एकटा खूश. भागातली लाईट गेली की माग थांबायचे, दिवे विझायचे, चार्जर मरायचे आणि ती चादर कुणीतरी एका झटक्यात ओढून घ्यावी तशी पडद्यावरून नाहीशी व्हायची. लॅपटॉप बॅटरीवर चालूच. मग तुझा हात सुटायचा. इतका सावकाश माणूस तू, दोन घोटांच्या मधे चहा गार करणारा, पण त्या वेळी तुझी बोटं उंदरासारखी पळायची. इकडून तिकडे, तिकडून इकडे, लाईट यायच्या आत जेवढं सापडेल तेवढं. मी काही विचारलं तर गप, दाजी, गप, म्हणून हात वर करायचास. तुला इतका घाईत मी बाकी कधीच बघितलं नाही, तुझ्या लग्नातसुद्धा नाही.

म्हणून घरात इन्व्हर्टर आला नाही. रेखाने किती वर्षं मागितला. सगळ्या गल्लीत आहे, आपल्याकडेच अंधार. तू म्हणायचास, इन्व्हर्टर रेडिओत लई कचरा करतो, लाईट गेल्यावरचं सगळं सुख नासवंल. तुझ्या सुखासाठी ती बिचारी मोबाइलच्या उजेडात भाकरी थापायची आणि खालून हाका मारायची. अहो, लाईट गेलीय, टॉर्च घेऊन खाली या. तू येणार कुठला. त्या वेळी तुला देवाने बोलावलं असतं तरी तू थांब म्हणाला असतास, असं मी एकदा गमतीनं रेखाला म्हटलं होतं. आता ते आठवलं की जेवण जात नाही.

आपल्या डोक्यावरून विमानं जायची, तेव्हा तू दुसरी, टाकीमागची छोटी अँटेना लावायचास. वर कुठंतरी पायलट बोलायचा, आपल्याला स्वच्छ ऐकू यायचं. काही जण सुरुवातीला नमस्कार म्हणायचे, ते ऐकून मला उगीचच आपण ओळखीचे असल्यासारखं वाटायचं. पण जमिनीवरून त्याला जे उत्तर जायचं ते सोलापूरपर्यंत पोचायचं नाही. वरचा माणूस उंचावर, म्हणून त्याचं येतं, खालचा लांब, म्हणून त्याचं येत नाही, असं तू समजावलं होतंस. आपल्या वाट्याला नेहमी अर्धंच बोलणं. मग खालच्याची उत्तरं मी द्यायचो. पायलट काहीतरी आकडे सांगायचा आणि मी म्हणायचो, बरं बरं, सावकाश जावा, सोलापूरवरून चाललाय तर चहा घेऊन गेला असता की. तू हसून हसून हेडफोन काढून ठेवायचास.

आता मीच बोलतोय आणि उत्तरही मीच देतोय. तेव्हा मजा यायची.

दुसरं भांडण लायसनचं. रेडिओवरून बोलणाऱ्या हौशी लोकांची परीक्षा असते, ती दिली की आपल्यालाही बोलता येतं, हे मला कुठूनतरी कळलं होतं. मी तुझ्या मागे लागलो. इतकं ऐकतोस तर एकदा बोल तरी. तुझं काहीतरी जगाला कळू दे. तू टाळत राहिलास. मी तुझ्या अक्काला सांगितलं, तिने तुला फैलावर घेतलं, तू दोघांचंही ऐकून घेतलंस. शेवटी म्हणालास, "बोलणारे लई हायत, दाजी. ऐकायला कोण न्हाई."

मी त्यावर काय म्हटलं ते तुला आठवत असेल. मी म्हटलं, हे आळशी माणसाचं तत्त्वज्ञान आहे. मला अजूनही तसंच वाटतं. म्हणजे तू समोर असतास तर मी अजूनही तेच म्हटलं असतं. पण या तेरा दिवसांत तुझ्या घरी बोलायला आलेल्यांची जी रीघ लागली, ती बघून मला तुझी फार आठवण आली. जो तो सांगत होता. आयुष्य किती क्षणभंगुर, हार्टचं कसं सांगता येत नाही, त्यांच्या साडूचं कसं झालं. रेखा मधे बसलेली. तिचं ऐकून घ्यायला त्या गर्दीत कुणीच नव्हतं, आणि तिला काहीतरी सांगायचं होतं.

तेरावा झाला, पाहुणे पांगले. दुपारची वेळ. तुझी अक्का आत भांडी पुसून लावत होती, लेक थकून झोपली होती. मी जिन्याच्या खालच्या पायरीवर टेकलो होतो. रेखा आली, उभीच राहिली, आणि हळू आवाजात म्हणाली, "दाजी, वरच्या त्या मशिनीत आवाज साठतो न्हवं?"

साठतो, मी म्हटलं.

"मग माझापण साठला आसंल."

आणि मग तिने सांगितलं. अवी, हे तुला माहीत आहे की नाही, हाच तर सगळा प्रश्न आहे. त्या संध्याकाळी तू शाळेतून आलास, चहा घेतलास आणि वर गेलास. दिवेलागणीला लाईट गेली. ती भाकऱ्या थापत होती, हात पिठाचे. तिने हाक मारली, टॉर्च घेऊन या. तू काही बोलला नाहीस. परत मारली. मग तव्यावरची भाकरी करपली, तिला चटका बसला आणि तिच्या तोंडून एक वाक्य गेलं. आपल्याकडच्या कुठल्याही बाईच्या तोंडून रागात जातं तसलं, ज्याचा अर्थ कुणी लावत नाही. भिंतीला पाठ टेकून, माझ्याकडे न बघता तिने ते वाक्य मला सांगितलं.

"तितंच मरा म्हनलं मी त्यास्नी."

लाईट आल्यावर ती तुला जेवायला बोलवायला वर गेली. तू खुर्चीत होतास, डोकं भिंतीला टेकलेलं, कानांवर हेडफोन.

मी म्हटलं, अगं, डॉक्टर म्हणाले ना, एका क्षणात झालं. ती म्हणाली, सगळे तेच म्हणतात, मला बरं वाटावं म्हणून. तिला हे जाणून घ्यायचं होतं की तिने ते म्हटलं तेव्हा तू होतास की नव्हतास. ऐकलंस की नाही. शेवटचं म्हणून तेच तुझ्या कानात गेलं का. "पोरीला कसं इचारू मी हे? तुमाला ते मशीन कळतं. तेवढं बगून सांगा."

मला ते मशीन कळतं, असं समजणारी ती जगातली एकटी. ज्याने तुझा रेडिओ फ्लेक्सवाल्याला पेन ड्राइव्ह म्हणून दिला, त्याच्याकडे ती हे मागत होती. मी हो म्हणून वर गेलो, कारण नाही म्हणायला तोंड नव्हतं.

गच्चीला लागून असलेल्या तुझ्या खोलीत सगळं तसंच होतं. लॅपटॉपवर रेखाने टॉवेल पांघरला होता, आमच्याच कारखान्यातला, काठ चुकलेला, मीच कधीतरी आणून दिलेला. बॅटरी संपली होती. चार्जर लावला आणि तुझ्या खुर्चीत बसलो. मग उठलो आणि स्टुलावर बसलो, माझ्या नेहमीच्या. तिथून हात पुरेना, म्हणून परत खुर्चीत.

तुझी सवय मला ठाऊक होती. बसलास की आधी रेकॉर्डिंग चालू करायचास. काही काही स्टेशनं एकदाच लागतात, दाजी, परत लागत न्हाईत. म्हणून साठवत जायचास. शेवटचं रेकॉर्डिंग सापडायला मला वेळ लागला, दोनदा भलतंच काहीतरी उघडलं, पण सापडलं. तुझे हेडफोन घातले. ते माझ्या डोक्याला घट्ट झाले. तुझं डोकं लहान होतं हे मला इतक्या वर्षांत कळलं नव्हतं.

तू त्यात नव्हतास. म्हणजे तुझा आवाज नव्हता. या यंत्राला खोलीतलं काही ऐकू येत नाही, फक्त तारेवरून जे येतं ते येतं. खोकला नाही, खुर्चीचा आवाज नाही, खालून मारलेली हाक नाही. पण तुझा हात होता. स्टेशन बदललं की आवाज बदलतो. कन्नड बाई बोलतेय, खर्रकन गाणं, परत बाई, मग लांबचं कसलं तरी भजन, त्याच्यावर दोनदा हलकेच सरकवणं, आवाज मोकळा होईपर्यंत. डोळे मिटले तर तू शेजारी बसून फिरवतोयस. तुझं असं फिरवणं मी किती संध्याकाळी बघितलं असेल. मला तुझं अक्षर तितकं ओळखता येणार नाही, पण हे ओळखता आलं.

आणि सगळ्यावर आमच्या मागांची घरघर. ती तुला शेवटपर्यंत सोडून गेली नाही.

मग तू एका जागी थांबलास. धड स्टेशन नाही, धड रिकामी जागा नाही. घरघरीखाली कुणीतरी बोलतंय असा नुसता भास. मला वाटलं, तू वाट बघतोयस, अंधार पडला की लांबचं स्पष्ट होतं तसं व्हायची. वेळ गेला. हात हलला नाही. पुष्कळ वेळ गेला.

आणि लाईट गेली.

हेडफोनमध्ये मला ती जाताना ऐकू आली. घरघर थांबली, जशी शिफ्ट सुटल्यावर थांबते, एकदम, आणि कानात एवढी मोकळी जागा झाली की मीच दचकलो. मग त्या जागेत एक माणूस बोलायला लागला. कुठली भाषा कुणास ठाऊक. पण तो नीट लागलेला नव्हता, आवाज फाटका, नाक दाबून बोलल्यासारखा. तू जरासा सरकवला असतास तर स्वच्छ झाला असता. असा फाटका आवाज तुला घटकाभरसुद्धा चालायचा नाही. मी कधी कधी मुद्दाम तसं ठेवायचो, तर तू माझा हात बाजूला करायचास.

मी वाट बघितली. आता सरकवेल. लाईट गेलीय, आता तुझी बोटं पळतील. तो माणूस तसाच फाटका बोलत राहिला.

तसली शांतता तुला एवढ्या वर्षांत मिळाली नसेल, अवी. रस्त्यापर्यंतचं सगळं गप्प. वळसंगच्या शेतावर तू मला जे दाखवणार होतास ते हेच असणार. आणि ते ऐकायला तुझ्या खुर्चीत मी बसलो होतो, ज्याला त्यातलं काही कळत नाही.

मग लाईट आली. चादर परत पसरली. त्या वेळी रेखा जिना चढत असणार, पण ते त्यात ऐकू येत नाही.

मी खाली हाक मारली. रेखा वर आली, तिच्या मागोमाग तुझी अक्का, तिला काहीच माहीत नव्हतं. रेखानेच तिला सगळं परत सांगितलं, ते वाक्यसुद्धा. मला वाटलं, नणंद-भावजयीत आता काय होतंय. अक्का दाराशीच खाली बसली.

मी समजावायचा प्रयत्न केला. रेखा, तुझा आवाज यात नाही, येतच नसतो. पण लाईट गेलेली यात कळते. हाक तू लाईट गेल्यावर मारलीस ना? व्हय, ती म्हणाली, आदी कशाला मारीन, आदी दिसत हुतं की. मग ऐक, मी म्हटलं, लाईट जायच्या कितीतरी आधीपासून याचा हात थांबलाय. लाईट गेल्यावरही हललेला नाही. लाईट गेली आणि अवीने हात लावला नाही, असं कधी झालंय?

तिने विचारलं, "दाजी, माज्यासाटी रचून सांगत न्हाई न्हवं?"

तेव्हा मी हेडफोन तिला दिले. तिने ते कधी घातलेले नव्हते, आधी उलटे घातले. तुझ्या त्या भजनापासून लावलं. ती डोळे मिटून बसली. तू फिरवत होतास तोवर तिची मान किंचित हलत होती. वरून येणारा तो खर्र आवाज तिने खालून स्वयंपाकघरात इतकी वर्षं ऐकला होता, तू हेडफोन घ्यायच्या आधीच्या काळात. मग मान थांबली. आम्ही दोघं तिच्या चेहऱ्याकडे बघत होतो. लाईट कधी गेली ते मला बाहेरून कळलं, कारण तिचे खांदे एकदम सैल पडले. टेबलावर तिचा हात होता. त्याची बोटं हळूच पुढे गेली, जसं काही तीच सरकवणार होती.

बराच वेळ ती तशी बसली. मग हेडफोन न काढताच, थोडं मोठ्याने, ऐकू न येणारी माणसं बोलतात तसं म्हणाली, "व्हय. हात न्हाई."

आणि त्यानंतर ती रडली. तेरा दिवस ती रडत होती, पण ते येणाऱ्या-जाणाऱ्यांबरोबरचं रडणं होतं. अक्काने तिचं डोकं मांडीवर घेतलं. मी गच्चीवर जाऊन तुझ्या बांबूशी उभा राहिलो. तार जरा सैल झाली होती, ती ताणायला गेलो आणि आणखी सैल केली.

मला यंत्रातलं काही कळत नाही, हे तुला माहीत आहे. कुणी जाणकार आला तर म्हणेल, यात कशाचीही खात्री देता येत नाही. देऊ नये. मला तुझी खात्री आहे. लाईट गेलेली असताना खुर्चीत बसून ती वाया घालवणारा माणूस तू नव्हतास. रेखाचं ते वाक्य तुझ्यापर्यंत पोचलं नाही. पोचलं असतं तरी तू गप, रेखा, गप, म्हणून हात वर केला असतास आणि जेवताना तिला त्यावरून चिडवलं असतंस. हे मी तिला सांगितलं नाही. तेवढी अक्कल मला आता आलीय.

बाकी तुला सांगायचं ते असं आहे की कामावरून सुटल्यावर मला घरी लवकर पोचायची सवय नाही. स्कूटर अजून तुझ्या गल्लीच्या तोंडाशी मंद होते. कारखान्यात मागांच्या मधून चालताना मी आता उगीच थांबतो. इतका आवाज, आणि तू त्याच्याखालून माणसं शोधून काढायचास. मला तू कधी काही शिकवल्यासारखं केलं नाहीस, नुसतं शेजारी बसवलंस. तेवढ्यावर मला परवा तुझा हात ओळखता आला. याचे आभार कसे मानतात ते मला माहीत नाही. तू समोर असतास तर मी नक्कीच काहीतरी टवाळकी करून ते टाळलं असतं.

त्या दिवशी आम्ही दिवस मावळायच्या आत निघालो. रेखाने चहा केला, स्वतःही घेतला. स्कूटरवर अक्का मागे गप्प. मी आपला बोलत होतो. अँटेना काढायची की ठेवायची, लॅपटॉप लेकीला द्यायचा का, तुझ्या त्या छोट्या रेडिओचं काय करायचं, आता तरी इन्व्हर्टर घेऊन द्यायला हवा. घरी आलो, मी कुलूप काढलं, दिवा लावायला भिंतीवर हात फिरवला. ती अजून उंबऱ्याबाहेरच उभी होती.

"ह्यापुढं लाईट गेली की आधी रेखाला फोन करायचा," तुझी अक्का म्हणाली. "मेणबत्ती मग शोधू."